भावाचा उपास

नवरा गेल्यावर मी जुळे सोलापूर भागातल्या घरात एकटीच राहत होते. घर आमचं स्वतःचं, खाली दोन खोल्या, वर दोन. वरच्या खोल्यांत महिना महिना माझं पाऊल पडत नसे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी पाण्याचा दिवस म्हटला की आमची गल्ली जागी व्हायची. घागरी, नळ्या, "ओ वैनी, मोटर बंद करा की तुमची, आमच्याकडं थेंब येईना," असली भांडणं. पुढं प्रत्येकानं अंगणात हौद बांधला, वर टाकी बसवली. टाकी भरली की मोटर आपली आपण बंद. भांडायचं कारण संपलं आणि दारंही लागली.

मी पासबुक भरून घ्यायला बँकेत जायचे. मशिनवर ते काम मिनिटात होतं, पण मी मुद्दाम खिडकीपुढच्या रांगेत उभी राहायचे. रांगेत कोणी ना कोणी म्हणतंच, "काय ऊन हो," आणि आपण म्हणतो, "सोलापूरच ते." तेवढ्यावर दिवस निघायचा. उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून घेतल्या की घरात नुसता पंखा. एकदा संध्याकाळी भाजीवाल्याला "अर्धा किलो दे" म्हणाले, तर आवाज घोगरा निघाला. त्या दिवशी माझ्या तोंडातून निघालेले ते पहिलेच शब्द होते.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेली मी पहिली. वडील मेंढरं राखायचे, आईला सही येत नव्हती. मी बी.ए. झाले, सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. हे सांगितलं की लोकांना बढाई वाटते. वाटू दे, बढाईच आहे. पण त्या बढाईचा एक तोटा असतो. "मला एकटं वाटतं" हे साधं वाक्य मला बोलता येईना. जन्मभर मी दुसऱ्यांचे अर्ज वाचले, शेरे मारले. स्वतःसाठी काही मागायची सवयच नव्हती.

मुलगी बंगळूरला. जावई चांगला आहे, तोंडदेखलं म्हणत नाही. दोन महिने राहून आले. ती दोघं कामाला गेली की उंच मजल्यावर मी आणि फ्रिजचा आवाज. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या बायका हसायच्या, मी हसायचे. हसून झालं की प्रत्येकीचा मजला यायचा.

परत आले आणि तडक जाऊन मंगळवेढ्याच्या रस्त्यावरची ती वसाहत बघितली. शहर संपून ज्वारीची रानं सुरू होतात तिथं आहे. ज्येष्ठांसाठी बांधलेल्या बैठ्या खोल्या, ज्याचं त्याचं कुलूप, जेवणघर मात्र सगळ्यांचं एक. हा वृद्धाश्रम नव्हे, हे मी सगळ्यांना समजावून सांगते आणि कोणी ऐकून घेत नाही. माझ्या पेन्शनीत मी राहते, कोणी आणून टाकलेलं नाही. घर भाड्यानं दिलं, कपाट आणि कॉट घेऊन मी तिथं राहायला गेले. मुलगी थोडी रडली, मग म्हणाली, "आई, तुला बरं वाटत असेल तर ठीक."

सांगोल्याकडं आमची वस्ती आहे. तिथं असणारा माझा धाकटा भाऊ मात्र रडला नाही. मी फोनवर सांगितलं, ते त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, लोक तोंडात श्यान घालतील माज्या." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. एकाच आईची आम्ही दोघं.

वसाहतीत गेले आणि लगेच बरं वाटलं, असं काही झालं नाही. पहिले काही आठवडे मी जेवताना पुढ्यात पेपर उघडून धरायचे. कोणाशी काय बोलावं ते कळायचं नाही, आणि कळत नाही हे दिसू नये म्हणून पेपर. त्याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. मागं माझं नाव साहेबीण पडलं होतं. घरी एकटी होते तेव्हा निदान बघायला कोणी नव्हतं. इथं भरल्या जेवणघरात एकटी होते. ते जास्त लागायचं.

तो पेपर माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाईंनी काढून घेतला. त्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू, घरचे माग होते. मुलं हैदराबादेत. एक दिवस त्यांनी सरळ माझ्या हातातला पेपर ओढला, त्याच्यावर शेंगांचा ढीग ओतला आणि म्हणाल्या, "वाचून काय मिळतंय की मॅडम, फोडा." स्वयंपाकघरातून चटणीसाठी शेंगा यायच्या आणि बायका दुपारी ओट्यावर बसून त्या फोडायच्या. सक्ती कोणालाच नव्हती. मी फोडायला लागले. चटणी उखळात कुटायची की मिक्सरला लावायची, यावरून तिसऱ्या दिवशी आमचं दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणाल्या, मिक्सरला लावली की तिचं पीठ होतं. मी म्हणाले, गुडघे माझे दुखतात, तुमचे नाहीत. दोन दिवस आम्ही बोललो नाही. आणि खोटं कशाला सांगू, ते दोन दिवस मला फार बरे गेले. माझ्यावर कोणीतरी रागावलं होतं. किती वर्षांनी!

अबोला सुटला तो मला कणकण आली तेव्हा. मी रात्रीच्या जेवणाला गेले नाही. इतक्यात खिडकीबाहेरून कोणी ओरडलं, "ओ मॅडम, स्टँड आलं, उतरायचं नाही का?" ते आमच्यातले निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांच्या तोंडी अजून गाडीच असते. मागोमाग शेजारच्या बाई भाताची पेज घेऊन आल्या. "अक्का, घ्या," म्हणाल्या. मॅडमची अक्का त्या पेजेबरोबर झाले. मी गेले नाही तर एक पाट रिकामा दिसतो, आणि तो कोणाला तरी दिसतो, एवढंच मला त्या दिवशी कळलं. एवढंच पुरे होतं असंही नाही. पाहुण्यांचा रविवार आला की आम्ही सगळेच फाटकाकडं बघत नाही असं दाखवत फाटकाकडं बघत बसायचो. माझं बघणं सांगोल्याच्या बाजूला असायचं.

श्रावण लागला तशी माझी घालमेल वाढली. आमच्याकडं सासुरवाशिणीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. माझं लग्न झालं त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ मला न्यायला आला, तेव्हा तो हाफ पँटीत होता. तेव्हापासून एकही पंचमी चुकली नाही. पुढं मी साहेब झाले, हाताखाली माणसं आली, तरी चतुर्थीला हा दारात. मी म्हणायचे, "अरे, एसटीनं माझी मी येते की." तो म्हणायचा, "वाटंवर पडलीयास व्हय तू?" आणि पिशवी उचलायचा. मुराळ्याला रिकामं परत पाठवत नाहीत. आणि चतुर्थीला बहिणीनं भावासाठी उपास धरायचा. तो मी कधी सोडला नाही. बी.ए. झाले तरी सोडला नाही.

यंदा तो येणार नाही, असं मी मनाला सांगून ठेवलं होतं. उपास मात्र धरला.

सकाळी आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. फाटकातून डाळिंबं वाहायचा पिकअप आत आला. चालवणारा माझा भाऊ. मागं हौद्यात कडब्याच्या पेंढ्या अंथरलेल्या आणि दोरखंडाचं वेटोळं. मला इतकं भरून आलं की उठताच येईना.

"कडबा कशाला रे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"कपाट घासू नये म्हनून. चल, कुलूप काड. सामान भरू."

"पंचमीला कपाट घेऊन जातात होय?"

"पंचमीला न्हाय, आक्का. कायमचं."

ओट्यावरचे सगळे हात थांबले. तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "खोली बांदलीया तुज्यासाटी. रंग दिलाय. आतच संडास काडलाय, खुर्चीचा. तुज्या गुडघ्याचं हाय नव्हं."

खुर्चीचा संडास. माझ्या भावाच्या तोंडी तो शब्द आला तशी मी उठले. "आधी पाणी तरी पी," म्हणाले.

"हितलं पानी न्हाय पिनार मी." आणि तो कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसला. "तू गाडीत बसलीस की मग पितो."

"लहान आहेस का रे?"

"गावात काय म्हन्त्यात म्हाईत हाय का? भाऊ डाळिंबावर बंगला बांदतोय आन् बहीन आश्रमात."

"बंगला कुठाय तुझा?"

"म्हन्त्यात त्ये सांगतोय मी."

"आणि हा आश्रम नाही."

"पाटी कसली बी लाव."

शेजारच्या बाई पदरावरची टरफलं झटकत पुढं आल्या. "कोन अक्का, तम्मुडू काय? लहान भाऊ?"

त्यानं मान वर केली. "ह्या तुला आक्का म्हन्त्यात?"

"म्हणतात."

"कवापासनं?"

"आमच्यात पण मोठी बहीण अक्का आणि तुमच्यात पण अक्का," बाईच म्हणाल्या. "तुमच्या एकट्याची हाय काय ती?"

भावानं तोंड फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी दुसऱ्या पोरांनी मला आक्का म्हटलं की असेच व्हायचे.

दुपारची घंटा झाली. सगळे जेवणघरात गेले. आम्हा उपासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी होती. मी ताटली घेऊन बाकावर त्याच्याजवळ येऊन बसले आणि ती तशीच मांडीवर धरून राहिले. तो तहानलेला असताना मी कशी खाऊ? ऊन पडलं होतं, आभाळात ढग नुसते फिरत होते. तो ओठांवरून जीभ फिरवायचा आणि रस्त्याकडं बघायचा. गेले तर त्याची मान गावात ताठ राहणार होती. न गेले तर जन्मात पहिल्यांदा तो रिकाम्या हातानं गावी परतणार होता, आणि मग पुन्हा न्यायला येईल याची मला खात्री नव्हती. आणि गेले तर? कपाट एकदा पिकअपमध्ये चढलं की परत उतरणार नव्हतं.

ड्रायव्हर हात धुऊन बाहेर आले, आम्हाला बघून थांबले.

"पाव्हणं, काय खोळंबा?"

मीच सांगितलं. ते ऐकून ते भावाकडं वळले. "म्हणजे ह्या तुमच्यासाठी उपाशी आणि तुम्ही ह्यांच्यावर उपाशी. मग नागोबानं जेवायचं कुणाकडं हो?"

भाऊ हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण नाकातून फुसकन हसू आलं. ती वेळ साधून शेजारच्या बाईंनी तांब्या पुढं केला. माझ्या हातचं त्यानं घेतलं नसतं. परक्या बाईमाणसानं पुढं केलेला तांब्या परत करायचा, हे त्याला जमणारं नव्हतं. वर धार धरून त्यानं सगळा तांब्या रिता केला.

मग तो जेवायला बसला तो पुरुषांच्या ओळीत. ड्रायव्हर त्याच्या समोर.

"सांगोला मार्गावर मी लई वर्षं काढली," ते म्हणाले. "तुमच्या फाट्यावर एक म्हातारं कोकरू घोंगड्यात लपवून गाडीत चढायचं. मधीच ते ओरडायचं. मी म्हणायचो, आज्जा, तुमच्या पोटाचं तिकीट काढा."

"त्यो आमचा चुलता की!" भाऊ ओरडला. "त्याला लई दम दिल्यात तुमी. घरी येऊन शिव्या घालायचा, ड्रायवर लई वंगाळ म्हनून."

"मग, वंगाळ होतोच!"

जेवणघर हसलं. ताटं उचलली गेली, बायका लवंडायला गेल्या, तरी भाऊ तिथंच. पावसाचं बोलला, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं बोलला, मेंढरं विकली त्या दिवसाचं बोलला. ते मलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. उत्तराची वाट न बघता, एकातून एक काढत बोलत होता. मी दारात उभी राहून ऐकत होते. आणि मला ते बोलणं ओळखीचं वाटलं. बँकेच्या रांगेत मी अशीच बोलायचे.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुझी बायको कधी येणार पुण्याहून?"

"येती की सनासुदीला."

"उद्या पंचमी आहे."

"नातवाची शाळा हाय." मग म्हणाला, "चल आता."

नातवाला सांभाळायला ती पुण्याला गेली, हे मला माहीत होतं. ती येत-जात असेल असं मी धरून चालले होते.

मी एक पिशवी भरली. कपाटाला कुलूप लावलं. "पंचमीला येते. कपाट इथंच राहील." पिशवी त्यानंच उचलली.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. खोली खरंच चांगली होती. गुलाबी रंग, नवी कॉट, खिडकीला पडदा, आणि तो खुर्चीचा संडास. नव्या सिमेंटचा वास अजून जात नव्हता. मी त्याचं कौतुक केलं, मनापासून केलं. मग चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेले. मांडणीतल्या सगळ्या भांड्यांवर धूळ. एक ताट, एक पातेलं आणि एक तांब्या तेवढा घासलेला. बाहेरच्या खोलीत त्यानं टीव्ही मोठ्यानं लावला आणि स्वतः मागं गोठ्यात गेला. टीव्ही कोणी बघत नव्हतं. मेंढवाडा रिकामा होता, काटेरी कुंपण एका बाजूनं बसलेलं. हाक मारावी तर जवळचं घर दोन रानं टाकून.

पंचमीला काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मी पुरणाची दिंडं उकडली, पाटावर नागोबा काढला, लाह्या-दूध ठेवलं. आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. त्यानं दिंडावर तूप ओतलं आणि म्हणाला, "आईसारकी झाल्यात." आई, वडील, चुलता, मेलेली कुत्री, सगळ्यांची आठवण काढून झाली. दुपार होईतो सांगण्यासारखं सगळं संपलं. पूर्वी पंचमीला वस्तीवरच्या कडुनिंबाला झोके असायचे; आता झोक्यावर बसायला पोरीच नाहीत, सगळ्या शहरात. भाऊ भिंतीला टेकून बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आक्का, बोल की कायतरी."

मी त्याच्यावर जीव टाकते, तो माझ्यावर. पण दोन माणसांचं बोलणं किती पुरणार? मी इथं राहिले असते तर दोन-चार महिन्यांत आम्ही दोघंही त्या टीव्हीपुढं बसलो असतो, तो कॉटवर, मी खुर्चीत. भांडायला तरी तिसरं माणूस लागतं.

"मी उद्या जाते," मी म्हणाले. "मला सोड."

त्याला हे कळलेलं असावं. "मग खोली कुनासाटी रंगवली मी?" एवढंच म्हणाला, तेही रागानं नाही. "तूच चल तिकडं," असं ओठांवर आलं होतं. ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. ज्यानं गावाचं बोलणं पुसायला खोली बांधली, त्याला मी हे कोणत्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पिकअपमधून परत आणलं. हौद्यात कडबा तसाच होता. मंगळवेढा मागं पडला. मग त्यानं समोर बघतच विचारलं, "तितं पावन्याला ऱ्हाता येतं काय गं?"

"येतं. पाहुण्यांची खोली आहे."

"किती दिस?"

"आठवडाभर."

"आठवडाभर," तो म्हणाला. पुढं एक भरलेला ट्रॅक्टर आला, त्याच्या मागं बराच वेळ रेंगाळत जावं लागलं. "डाळिंबाला पानी कोन सोडंल पर," तो स्वतःशीच म्हणाला.

फाटकाशी तो उतरला नाही. ड्रायव्हरनी लांबून हात केला, "पाव्हणं, चहा!" त्यानं हॉर्न वाजवला, गाडी वळवली आणि गेला.

आता त्याचा फोन येतो. ड्रायव्हर काय म्हणाले, चटणीचं काय झालं, शेजारच्या बाईंचा गुडघा आता दुखायला लागला की नाही, हे तो नावानिशी विचारतो. स्वतःचं काही सांगत नाही. मागं टीव्ही चालू असतो. मी इथं सुखात आहे का, असं मुलगी विचारते तेव्हा मी म्हणते, रोज नाही, पण पूर्वीपेक्षा आहे. त्याच्याबद्दल कोणी मला विचारत नाही.

काल मी वसाहतीच्या कचेरीत जाऊन आले. दिवाळीत पाहुण्यांची खोली रिकामी आहे का, ते विचारलं. आहे म्हणाले. मी धरून ठेवायला सांगितली. त्याला अजून बोलले नाही.